संदर्भसूचीचं सॉफ्टवेअर: मराठी नोंदींना कुठे ठेच लागते

प्रश्न थोडक्यात असा आहे: मराठीतून इतिहासात पीएचडी चालू आहे, सहाशेच्या आसपास संदर्भ आहेत. त्यातले निम्मे मराठी ग्रंथ आणि जुनी मासिकं, काही दफ्तरखान्यातले कागद, उरलेलं इंग्रजी. गाईड म्हणतात, सूची हातानेच करा, ही सॉफ्टवेअरं आपल्या कामाची नाहीत. तर झोटेरो (संदर्भ साठवून त्यांची सूची करून देणारं सॉफ्टवेअर) घ्यावं की लाटेकच्या (खुणा टंकून प्रबंधाची छापील मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) वाटेला जावं, आणि यांना नेमकं काय जमत नाही?

गाईडचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मी गेली अठरा वर्षं एका ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात आहे आणि दर उन्हाळ्यात प्रबंध सादर करायच्या आधीच्या पंधरवड्यात रडकुंडीला आलेली दोन-तीन मुलं तरी माझ्या टेबलाशी येतात. पण त्यातल्या बहुतेकांना सॉफ्टवेअरने दगा दिलेला नसतो. सॉफ्टवेअरला काय कळत नाही हे त्यांना शेवटच्या आठवड्यात कळलेलं असतं, एवढंच. सहाशे संदर्भ हाताने सांभाळणं हा वेडेपणा आहे. झोटेरोच घ्या. मात्र पहिल्या दिवशी सहाशे नोंदी भरू नका. तुमच्या यादीतल्या सगळ्यात अडनिड्या दहा नोंदी काढा, त्या भरा, त्यांची छापील सूची काढून बघा. कोणत्या दहा, ते शेवटी सांगते.

मूळ अडचण अशी की ही सगळी सॉफ्टवेअरं इंग्रजी शोधनिबंध डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली आहेत. लेखकाला नाव आणि आडनाव असतं, लेखाला डीओआय, म्हणजे कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, असतो, वर्ष एकच असतं आणि लिपीही एकच. यातलं एकेक गृहीतक मराठी ग्रंथाला लावून बघा, म्हणजे कुठे ठेच लागणार ते आपोआप दिसतं.

सुरुवात नावापासून. बिबटेक हे यातलं सगळ्यात जुनं. ऑरेन पटाश्निक यांनी १९८५ मध्ये लाटेकच्या जोडीला, सूची करण्यासाठी, ते लिहिलं. त्यात दोन लेखकांच्या मधे इंग्रजी 'अँड' लिहावा लागतो. मराठी विद्यार्थी साहजिकच 'पाटील, सुनील आणि जोशी, मीना' असं लिहितो. बिबटेकला 'आणि' कळत नाही, त्याला दोन स्वल्पविराम दिसतात. दोन स्वल्पविराम असले की त्याच्या नियमाने पहिला तुकडा आडनाव, शेवटचा नाव आणि मधला तुकडा म्हणजे इंग्रजांकडचं 'ज्युनियर'. तेव्हा मीना पाटील नावाची एक व्यक्ती तयार होते आणि 'सुनील आणि जोशी' ही तिची उपाधी ठरते. हसू नका, अशी सूची मी एका प्रबंधात छापून आलेली पाहिली आहे.

त्याहून खोलवरचा घोळ अक्षरांचा. बिबटेक एका बाइटला (संगणकाच्या साठवणीच्या एककाला) एक अक्षर समजतं. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या संगणकी संकेतपद्धतीच्या) रोजच्या साठवणीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तीन बाइट लागतात, मात्रेला वेगळे तीन. आडनावाची पहिली तीन अक्षरं घेऊन खूण बनवणारी जी स्टाइल (सूचीची मांडणी ठरवणारी नियमफाईल) आहे, ती कुलकर्णींची खूण 'कुलक' अशी करत नाही. तीन बाइट उचलते आणि नुसता 'क' छापते, उकारही सांडतो. आद्याक्षरं छापणाऱ्या स्टाइलमध्ये तर नावाचा पहिला एकच बाइट उचलला जातो. एक तृतीयांश 'व' म्हणजे काय, हे कोणत्याच फॉण्टला माहीत नसतं, मग पानावर चौकोन येतो किंवा फाईलच अडून बसते. म्हणून लाटेक वापरायचंच असेल तर जुनं बिबटेक विसरा. बिबलाटेक आणि त्याच्या जोडीचं बायबर घ्या. बायबर युनिकोड जाणतं, आणि बिबलाटेकमध्ये मराठीची भाषाफाईलसुद्धा आहे.

झोटेरोत बाइटचा प्रश्न नाही, तिथली गंमत वेगळी आहे. झोटेरो ज्या सीएसएल नावाच्या नियमावलीवर चालतं, तिने जगातल्या नावांचे दोन गट पाडलेत. लॅटिन, ग्रीक, सिरिलिक आणि अरबी लिपीतली नावं एका गटात, बाकीच्या सगळ्या लिपी दुसऱ्यात. नियम करताना दुसऱ्या गटासाठी डोळ्यांपुढे चिनी नाव होतं: आधी कुळाचं नाव, मग स्वतःचं, मधे स्वल्पविराम नाही. देवनागरी आपसूक त्या गटात जाऊन पडली. त्यामुळे इंग्रजी पुस्तकांच्या लेखकांना सूचीत आडनावापुढे स्वल्पविराम मिळतो आणि मराठी लेखकांना मिळत नाही. तळटिपेत इंग्रजी नाव सरळ येतं आणि मराठी नाव उलटं. विद्यार्थी स्टाइल बदलून बदलून थकतात, पण हे स्टाइलमध्ये नाहीच, त्याच्या खालच्या थरात आहे.

यावर तोड म्हणजे लेखकाच्या नोंदीपुढचं बटण दाबून दोन खान्यांचा एक खाना करणे आणि त्यात 'शिरवाडकर, वि. वा.' असं हवं तसं टंकणे. सूची छान येते. पण मजकुरातल्या कंसात, जिथे फक्त आडनाव आणि वर्ष हवं असतं, तिथेही अख्खं 'शिरवाडकर, वि. वा.' येतं. तळटिपांची पद्धत असेल तर हा तोडगा चालतो, कंसातल्या लेखक-वर्ष पद्धतीला चालत नाही. तुमच्या विद्यापीठाला कोणती पद्धत हवी ते आधी विचारून घ्या, कारण चारशे नावं दोन खान्यांतून एका खान्यात आणि परत करत बसायची पाळी कुणावर येऊ नये.

'शिरवाडकर' म्हटलं की 'कुसुमाग्रज' आलेच, आणि तिथे आणखी एक उणीव उघडी पडते. ग्रंथालयाच्या तालिकेत आम्ही व्यक्तीची एक अधिकृत नोंद करतो आणि टोपणनावं, वेगळी लेखनं, लिप्यंतरं सगळी तिला जोडतो. झोटेरो आणि त्याच्याच जातीची मेंडेली, जॅबरेफ यांत कुठेच 'व्यक्ती' नावाची चीज नाही. प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत नाव ही नुसती अक्षरांची ओळ. तेव्हा इतिहासकार राजवाडे तुमच्या संग्रहात 'वि. का. राजवाडे', 'राजवाडे विश्वनाथ काशीनाथ', इंग्रजी लेखातले 'व्ही. के. राजवाडे' आणि अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या तालिकेतून आलेले, डोक्यावर रेघा न् खाली टिंबं असलेले रोमन 'विश्वनाथ', ज्यात शेवटचा 'अ'सुद्धा लिहिलेला असतो, असे चार वेगळे लेखक होतात. सॉफ्टवेअरला ते एकच आहेत हे सांगायची सोय नाही. बिबलाटेकमध्ये लेखकाच्या नावापुढे टोपणनाव छापण्यासाठी एक जादा खाना आहे, तो छापण्यापुरता उपयोगी. जोडणी त्यानेही होत नाही. मी स्वतः एक साधी वही ठेवते: डावीकडे छापील नाव, उजवीकडे मी ठरवलेलं रूप. सॉफ्टवेअरच्या जमान्यात वही म्हणून मुलं हसतात. हसू द्यावं.

वर्ष हा दुसरा अडसर. 'शके १८५५' असं इंग्रजी अंकांत टंकलंत तर झोटेरो निमूटपणे १८५५ हे इसवी सन धरतं आणि १९३३ मधलं पुस्तक १८५७ च्या उठावाच्या दोन वर्षं आधीचं ठरतं. देवनागरी अंकांत टंकलंत तर त्याला ते वर्ष वाटतच नाही आणि वर्षाचा रकाना रिकामा राहतो. म्हणून तारखेच्या खान्यात नेहमी इसवी सन आणि इंग्रजी अंक. शकात ७८ मिळवा, पण माघ-फाल्गुनातलं पुस्तक असेल तर ७९. नुसतं 'शके १८५५' छापलं असेल आणि महिना नसेल, तर १९३३ की १९३४ हे तुम्हाला ठरवता येत नाही, आणि '१९३३-३४' असं दुहेरी वर्ष सांगायला झोटेरोच्या खान्यात धड जागा नाही. मूळ छापील शक 'एक्स्ट्रा' नावाच्या खान्यात लिहून ठेवा.

या 'एक्स्ट्रा' खान्याबद्दल एक शब्द. झोटेरोच्या माळ्यावरची अडगळीची खोली आहे ती. जे रकाने असायला हवे होते आणि नाहीत, ते सगळे तिथे कोंबायचे असतात. पहिल्या आवृत्तीचं वर्ष हे त्यातलं मुख्य. पुनर्मुद्रण हातात असतं २००६ चं, ग्रंथ असतो १९२० चा, आणि इतिहासात मूळ साल न देणं म्हणजे वाचकाची फसवणूक. 'एक्स्ट्रा'त पहिल्या ओळीवर रोमन लिपीत 'ओरिजिनल-डेट', मग कोलन, मग साल लिहिलं की ज्या स्टाइलला ते छापायचं ठाऊक आहे ती छापते. बाकीच्या स्टाइल गप्प बसतात, आणि गप्प बसल्याचं तुम्हाला कुणी सांगत नाही. आवृत्तीच्या खान्यात मात्र 'दुसरी आवृत्ती' असे शब्द लिहिलेत तर ते जसेच्या तसे उमटतात. नुसता दोनचा आकडा लिहिलात की मराठी पुस्तकापुढे इंग्रजी 'सेकंड एडिशन' येऊन बसतं.

आता दफ्तरखाना. पुण्याच्या पुराभिलेखागारातला पेशवे दफ्तराचा कागद सांगायचा तर संस्था, दफ्तर, रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) क्रमांक, त्यातलं पुडकं आणि कागद अशी उतरंड असते. झोटेरोत त्यासाठी दोनच खाने: संग्रह कुठला आणि संग्रहात जागा कुठली. बाकी सगळं स्वल्पविराम देऊन दुसऱ्या खान्यात कोंबायचं. ते चालतं, पण मग 'रुमाल ४७ मधले माझ्याकडचे सगळे कागद दाखव' असं विचारता येत नाही. नुसता शब्दशोध घ्यावा लागतो. आणि तुम्ही एका ठिकाणी 'रु. ४७', दुसरीकडे 'रुमाल क्र. ४७' लिहिलेलं असतं. मी विद्यार्थ्यांना 'रुमाल-४७' अशी खूणचिठ्ठी, म्हणजे टॅग, लावायला सांगते.

बहुखंडी ग्रंथांचीही तीच रड. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड १८९८ पासून निघत गेले. प्रत्येकाचं साल वेगळं. झोटेरोत मूळ ग्रंथ आणि त्याचे खंड असं आई-लेकराचं नातं नाही. प्रत्येक खंड स्वतंत्र नोंद म्हणून पुन्हा पहिल्यापासून भरा. संपादित पुस्तकातल्या प्रकरणाचंही तेच: पुस्तकाच्या नावातली चूक दुरुस्त केलीत तरी त्यातल्या सात प्रकरणांच्या नोंदींत ती जिवंत राहते. बिबटेकमध्ये जवळपास चाळीस वर्षांपासून प्रकरणाच्या नोंदीला पुस्तकाच्या नोंदीकडे बोट दाखवता येतं. जुनं सगळंच टाकाऊ नसतं.

दिवाळी अंक हा प्रकार तर कुठल्याच सॉफ्टवेअरच्या यादीत नाही. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ मध्ये सुरू केलेली प्रथा, तिच्यात शंभर वर्षांचं मराठी साहित्य साठलंय, आणि सॉफ्टवेअर विचारतं खंड किती, अंक कितवा. मी 'मॅगझिन आर्टिकल' निवडते, अंकाच्या खान्यात 'दिवाळी अंक' लिहिते आणि तारखेत नुसतं साल.

तुम्हाला सगळ्यात जास्त छळणारी उणीव मात्र ही नाही. तुमच्या प्रबंधाची सूची एकसलग नसेल. अप्रकाशित साधने, प्रकाशित साधने, मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, नियतकालिके असे विभाग लागतील, आणि झोटेरोचं वर्डमधलं प्लगइन एका दस्तऐवजात एकच सलग सूची देतं. विभाग पाडायची सोय नाही. लोक वर्षानुवर्षं मागतायत. बिबलाटेकमध्ये प्रत्येक नोंदीला शब्दखूण देऊन हव्या तितक्या सूची काढता येतात. झोटेरोत करायचं ते असं: विभागागणिक वेगळं कलेक्शन, म्हणजे नोंदींचा कप्पा, करा, काम संपलं की एकेका कलेक्शनवर उजवी टिचकी मारून सूची काढा आणि प्रबंधात चिकटवा. त्या सूचीचा मजकुराशी संबंध तुटलेला असतो. नंतर एक तळटीप वाढवलीत तर सूचीत भर तुम्हालाच घालावी लागेल, म्हणून हे अगदी शेवटी.

भाषेच्या मिश्रणाचंही असंच आहे. सीएसएल अख्ख्या दस्तऐवजाला एकच भाषा देतं. स्टाइलची फाईल उघडून त्यात 'संपा.', 'अनु.', 'पृ.', 'तत्रैव' हे शब्द घालता येतात, ते मी अनेकांना करून दिलंय, अर्ध्या तासाचं काम आहे. पण मग ऑक्सफर्डच्या इंग्रजी पुस्तकापुढेही 'संपा.' येतं. नोंदीच्या भाषेप्रमाणे शब्द बदलणं बिबलाटेकला जमतं, झोटेरोला नाही. मूळ लिपीतलं नाव, त्याचं रोमन रूप आणि भाषांतर अशा तिन्ही गोष्टी एका नोंदीत ठेवायची सोय फ्रँक बेनेट यांनी झोटेरोपासून बनवलेल्या ज्युरिस-एममध्ये होती, पण मूळ झोटेरोच्या नव्या आवृत्त्यांमागे धावताना त्याची दमछाक झाली. आज नव्याने सुरू करणाऱ्याला मी ते सुचवत नाही. निदान भाषेच्या खान्यात मराठीचा एम-आर हा दोन अक्षरी संकेत रोमनमध्ये भरत चला. तो नसला तर रोमन लिपीत लिहिलेल्या मराठी शीर्षकांना सॉफ्टवेअर इंग्रजी समजतं आणि मधल्या 'आणि'ला मोठं आद्याक्षर चढवतं.

अकारविल्हे हा शब्द मराठी मुलांना शिकवावा लागत नाही, सॉफ्टवेअरला लागतो. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मधे बसतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. क्ष आणि ज्ञ आपण शेवटी ठेवतो, संगणक त्यांना जोडाक्षरं धरून क आणि ज मध्ये घालतो. तेव्हा क्षीरसागर हे कुलकर्णींच्या शेजारी येऊन बसतात. बायबरला मराठी क्रम लावायला सांगता येतं. झोटेरोत मी शेवटी हाताने ओळी हलवते. सहाशेत अशा दहा-पंधराच निघतात.

आयात हा विषय लवकर संपतो, कारण मराठीसाठी ती जवळपास नाहीच. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) १९७० नंतरचा, त्यामुळे तुमची अर्धी पुस्तकं त्याविनाच. मराठी नियतकालिकांना डीओआय विरळा. आणि जुन्या श्रीलिपीसारख्या फॉण्टमधल्या पीडीएफमधून मजकूर उचलला तर रोमन चिन्हांची भेळ हाती येते, त्यातून सॉफ्टवेअर शीर्षक कुठून ओळखणार? हाताने भरायची मनाची तयारी ठेवा. दिवसाला वीस नोंदी हा माझा वेग आहे.

शोधाच्या बाबतीत दोन खाचा सांगून ठेवते, त्या सहसा कुणी सांगत नाही. एक, झोटेरो पीडीएफच्या मजकुराची शोधसूची करताना मुळात फक्त पहिली १०० पानं घेतं. सहाशे पानी ग्रंथात पान ३५० वरचा शब्द सापडला नाही म्हणजे तो तिथे नाही असं समजू नका. सेटिंगमध्ये तो आकडा वाढवा. (स्कॅन केलेल्या पानांतला मजकूर झोटेरो स्वतः वाचत नाही, तो आधी वेगळ्या ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या साधनाने, काढून घ्यावा लागतो, आणि टेसरॅक्ट या ओसीआरमध्ये मराठी आहे.) दुसरी, 'ॲ' हे अक्षर दोन तऱ्हांनी टंकता येतं, एकसंध किंवा 'अ' अधिक चंद्र. डोळ्याला दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी. 'ऱ्हास'मधल्या अर्ध्या रचंही तेच. एका विद्यार्थ्याच्या संग्रहात एकच पुस्तक तीनदा होतं आणि दुहेरी नोंदी शोधणारं साधन 'सगळं ठीक' म्हणत होतं. शेवटी नोंदी प्रकाशन-सालाने लावून आम्ही डोळ्यांनी शोधल्या. एकच कळफलक वापरा, घरी एक न् ग्रंथालयात दुसरा असं करू नका.

साठवणीचं सांगायचं तर झोटेरोचा डेटाबेस ड्रॉपबॉक्ससारख्या फोल्डरमध्ये ठेवू नका, फाईल बिघडते. फुकट जागा ३०० एमबी मिळते, ती फक्त पीडीएफना लागते; नोंदी कितीही असल्या तरी ऑनलाइन जुळवून ठेवता येतात. गाईडसोबत ग्रुप लायब्ररी, म्हणजे सामायिक संग्रह, केलीत तर लक्षात असू द्या, तुमच्या संग्रहातून तिथे ओढलेली नोंद ही प्रत असते. गाईडनी तिथे केलेली दुरुस्ती तुमच्याकडे येत नाही आणि कोणी काय बदललं याचा इतिहासही राहत नाही.

मेंडेलीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मित्र सुचवतील. २०१८ मध्ये त्यांनी संगणकावरचा डेटाबेस कूटबद्ध केला, त्यामुळे झोटेरोला तो थेट वाचता येईना. २०२१ मध्ये मोबाइलची ॲप्स बंद केली. २०२२ मध्ये जुनं डेस्कटॉप डाउनलोडला ठेवणं थांबवलं. म्हणून महिन्याकाठी निर्यात करून प्रत बाजूला ठेवायची सवय कुठल्याही सॉफ्टवेअरला लावा. आरआयएस (संदर्भ निर्यात करायचा एक नेहमीचा प्रकार) फाईलमध्ये कलेक्शनची उतरंड जात नाही, त्यामुळे झोटेरोचं अख्खं डेटा फोल्डर, सॉफ्टवेअर बंद करून, पेनड्राइव्हवर घ्या.

शेवटची ठेच डीटीपीवाल्याच्या दुकानात लागते. वर्डमधले झोटेरोचे संदर्भ हे आतून जिवंत फील्ड असतात. फाईल श्रीलिपीत रूपांतर करायला दिलीत की ती मरतात, आणि नंतर काही बदलायचं तर सॉफ्टवेअर हात वर करतं. म्हणून फाईल देण्याआधी तिची एक प्रत करा, त्या प्रतीत 'अनलिंक' करा (म्हणजे संदर्भांचा झोटेरोशी दुवा तुटून साधा मजकूर उरतो), तीच दुकानात द्या. जिवंत फील्डची मूळ प्रत घरी.

आणि त्या दहा नोंदी: टोपणनावाने लिहिलेलं एक पुस्तक, एकच नाव असलेला संतकवी, दोन मराठी लेखकांचं पुस्तक, शकातलं साल, १९२० च्या ग्रंथाचं नवं पुनर्मुद्रण, साधनांचा एक खंड, दिवाळी अंकातला लेख, रुमालातला कागद, मराठीतून इंग्रजीत गेलेला अनुवाद आणि क्ष किंवा ज्ञ ने सुरू होणारा लेखक. या दहांची सूची झोटेरोतून काढा, छापा आणि तो कागद गाईडपुढे ठेवा. ते ज्या ज्या जागी लाल पेन लावतील, तिथे काय करायचं ते दोघांनी ठरवून त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा. उरलेल्या ५९० नोंदी भरताना तो समोर लागेल.